ग्लोव्हबाहेरचं बोट

बोटांना आधी कळलं, डस्टिनला मागाहून. बाकावर बसून तो ब्रितोचा खेळ बघत होता. उजव्या हातात बेसबॉलचा एक जुना, काळपट पडलेला चेंडू होता, आणि तो हातातल्या हातात घोळवत बसायची त्याची पोरवयापासूनची खोड. समोर मैदानातल्या उंचवट्यावरून ब्रितो जसा चेंडू टाकेल तशी याची बोटं या चेंडूवर बसायची. जोराचा टाकला की दोन बोटं शिवणीवर आडवी, वळणारा टाकला की मधलं बोट कडेला दाबलेलं, आणि फसवा टाकला की चेंडू तळव्यात खोल नि बोटं पसरलेली. फसवा म्हणजे हात फिरतो जोरात आणि चेंडू येतो हळू; बॅटवाला आधीच बॅट फिरवून मोकळा होतो आणि चेंडू मागून निवांत पोचतो. एलिसेओ ब्रितोने इतकी वर्षं याच एका चेंडूवर पोट भरलं होतं. तर तिसऱ्या डावात डस्टिनची नजर सहज खाली गेली आणि त्याला दिसलं, की आपली बोटं फसव्यासाठी पसरून बसली आहेत, आणि ब्रितोने तर अजून पायसुद्धा उचललेला नाही. मग ब्रितोने पाय उचलला, हात फिरवला. फसवा. डस्टिनने गालातली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पुढ्यात थुंकली आणि स्वतःशी म्हणाला, असतो एखादा योगायोग. पण पुढच्या बॅटवाल्याच्या वेळी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्याला पुन्हा. मार्चमधल्या मंगळवारची ॲरिझोनाची दुपार, ऊन अजून मवाळ, गवतावर नुकतंच पाणी मारलेलं, गॅलरीत पेन्शनीतले म्हातारे टोप्या डोळ्यांवर ओढून पेंगत होते, आणि डस्टिन कुबेना बाकाच्या कडेवर पुढे सरकून बसला.

बोटांना कळतंय म्हणजे डोळ्यांनी काहीतरी पाहिलंय, एवढं उघड होतं. काय पाहिलंय ते मात्र डोळे सांगेनात. त्याने ब्रितोचा खांदा पाहिला, पाय पाहिले, मान पाहिली. शेवटी ग्लोव्ह पाहिला आणि मग त्याला दुसरं काही दिसेना. ब्रितो ग्लोव्ह घालतो डाव्या हातात, आणि डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मागच्या फटीतून बाहेर काढून ग्लोव्हच्या पाठीवर टेकवतो. निम्मे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, तसंच करतात. उजवा हात ग्लोव्हच्या आत चेंडू धरत असतो, कोणाला दिसू नये म्हणून. जोराचा धरताना आत फारशी हालचाल होत नाही. फसवा धरताना मात्र आतला पंजा पसरतो, ग्लोव्ह आतून जरासा फुगतो, आणि बाहेरचं बोट उचललं जातं. किती, तर गव्हाच्या दाण्याएवढं. ज्याला ठाऊक नाही त्याला जन्मात दिसणार नाही. ज्याला एकदा दिसलं त्याला दुसरं काही दिसणार नाही. आणि बॅटवाल्याला हे कळलं, की फसव्यातला फसवेपणा संपला. उरला नुसता हळू चेंडू, ताटात वाढून दिलेला. आपल्याला दिसतंय ते आणखी कोणाला तरी दिसेल, असं डस्टिनच्या मनात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ, इतकं लगेच की दोन्ही एकच विचार असावेत, असं आलं की दिसू दे.

कारण जागा एकच होती. पाच पिचर आळीपाळीने एकेका सामन्याची सुरुवात करतात; त्यातल्या चौघांची नावं थंडीतच ठरून गेली होती. पाचव्या जागेसाठी फेब्रुवारीत सात जण आले, आणि महिनाभरात एकेकाच्या कपाटापाशी जाऊन कोणीतरी हळूच म्हणत गेलं, की मॅनेजरसाहेबांनी बोलावलंय. मग त्या कपाटातले बूट जायचे, आरशाला खोचलेला बायकोचा फोटो जायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोणी नव्हतंच अशा थाटात बाकीचे न्याहारीला बसायचे. उरले दोघं. डस्टिन तेविशीचा, पाठीवर अठ्ठ्याहत्तर नंबर. असला नंबर ज्याला ठेवून घ्यायचं नक्की नाही त्यालाच देतात. ब्रितो छत्तिशीचा; सगळे त्याला म्हातारा म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. डस्टिनला जागा मिळाली नाही तर त्याला खालच्या संघात धाडणार, म्हणजे आणखी एक वर्ष बस, गॅस स्टेशनवरचे थंड सँडविच आणि गुडघे पुढच्या सीटला टेकवून झोपणं. गेली चार वर्षं हेच चाललं होतं. ब्रितोला मात्र खाली धाडता येत नव्हतं. त्याच्या करारातच तसं होतं. त्याला ठेवायचं नाहीतर सोडायचं. खालच्या संघात कुजणं डस्टिनला फार सलत होतं. आणि खरं सांगायचं तर दोघांमध्ये ब्रितो तसूभर पुढेच होता, हे डस्टिनला ठाऊक होतं, कोचला ठाऊक होतं, पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी ब्रितोने पाच डाव बिनबोभाट काढले. समोरच्या संघाला काही दिसलं नाही. सामना संपल्यावर पिचरांचा कोच हॅल्व्हरसन डस्टिनशेजारी येऊन बसला. हा मिनेसोटाकडचा माणूस, तोंडातून शब्द काढताना जणू दात उपटून घेतोय. मैदानाकडे बघत त्याने विचारलं, म्हाताऱ्याचं काही दिसलं का. हा प्रश्न तो रोज कोणाला ना कोणाला विचारायचा. जो बाकावर बसतो त्याने नजर ठेवायची, हा रिवाज होता. समोरच्या संघातल्या कोणाचं काही दिसलं तर ते आपल्या बाकाला सांगायचं, आणि आपल्या माणसाचं दिसलं तर आपल्या माणसाला, त्याच दिवशी, बूट काढायच्या आत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण न सांगणाऱ्याला कपाटांच्या खोलीत कोणी पाणी विचारलं नसतं. डस्टिनने चेंडू ग्लोव्हमध्ये टाकला आणि म्हणाला, "नाही. फसवा मस्त पडत होता त्यांचा." हॅल्व्हरसनने मान हलवली आणि तो उठून गेला. इतकं सोपं. डस्टिनला वाटलं होतं खोटं बोलताना आवाज फाटेल, कान तापतील. तसं काहीसुद्धा झालं नाही, आणि याचीच त्याला जास्त भीती वाटली.

बुधवारी तो स्वतः खेळला. बरा खेळला. पण सगळा वेळ त्याचं लक्ष आपल्याच बाहेरच्या बोटावर. आपलं उचलतंय का? नव्हतं उचलत, गेल्या वर्षी खालच्या संघातल्या एका खवट कोचने त्याच्या ग्लोव्हच्या पाठीवर चामड्याची एक पट्टी शिवून दिली होती, बोट झाकायला. पोस्टाच्या पाकिटाची झडप असते तेवढी पट्टी. कपाटांच्या खोलीतला कपडे सांभाळणारा माणूस तसली पट्टी चहा निवायच्या आत शिवून देतो. म्हणजे ब्रितोच्या सगळ्या संकटावर उपाय होता तो एवढासा चामड्याचा तुकडा, आणि चार दिवस त्या पट्टीची सवय करायला. हे कळल्यावर डस्टिनला हायसं वाटायला हवं होतं. उलट तो चिडला. ब्रितोवर चिडला, की इतक्या वर्षांत याला स्वतःचं बोट दिसू नये? हॅल्व्हरसनवर चिडला, की कोच तू, पगार तू घेतोस, मग मला कशाला विचारतोस? ज्याचं काम त्याने करावं. सुंठीवाचून खोकला जातोय तर आपण सुंठ कशाला उगाळा? असं मनाशी घोळवत त्याने चार डाव काढले.

गुरुवारी सांगायची संधी आपण होऊन चालत आली. बॅटवाले सराव करत असले की पिचरांनी लांब गवतात उभं राहून येणारे चेंडू झेलायचे, गप्पा मारायच्या. कामाचं काम आणि उनाडक्या. ब्रितो येऊन नेमका त्याच्या बाजूला उभा राहिला. टेक्सासमधलं डस्टिनचं गाव हे मूळच्या चेक लोकांचं, बापाचं सॉसेजचं दुकान. हे ब्रितोला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि तेव्हापासून त्याने याचं नाव सॉसेज ठेवलं होतं. डस्टिन त्याला सर म्हणायचा. घरची शिस्तच तशी होती, वडीलधाऱ्याला सर. ब्रितो त्यावरून हसायचा. म्हणायचा, सर म्हणून बोलावतोस आणि माझीच खुर्ची ओढतोस. त्या दिवशी तो आपल्या गावाकडचं, बानीकडचं बोलत होता. तिथले आंबे, आईच्या हातचं उकडून कुस्करलेलं केळं आणि वर परतलेला कांदा, आणि थोरली आता पंधराची होणार, त्यांच्याकडे तो मोठा सोहळा, म्हणून बायकोने आतापासूनच मांडलेला थाट. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "थोरलीने मला खेळताना पाहिलंय. धाकटा चार वर्षांचा आहे. चार वर्षांच्या पोराच्या काय लक्षात राहतं रे? पाच पूर्ण झाली की राहतं, असं म्हणतात. मला एक वर्ष हवंय. एकच. मग हे सगळं तुम्ही पोरं घ्या."

डस्टिनच्या जिभेच्या शेंड्यावर वाक्य आलं होतं. अगदी तयार, धुऊनपुसून: सर, तुमचं बोट उचलतंय. तीन-चार शब्द. त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात एक उंच चेंडू त्यांच्या दिशेने आला, ब्रितो दोन पावलं मागे गेला आणि म्हाताऱ्याने तो चेंडू पाठीमागे ग्लोव्ह धरून झेलला, गॅलरीतल्या दोन बायांनी टाळ्या वाजवल्या, ब्रितोने टोपी काढून त्यांना मुजरा केला, आणि ते वाक्य परत पोटात गेलं. डस्टिनला बरं वाटलं. नंतर, गाडी चालवत मुक्कामाकडे जाताना, रस्त्याकडेच्या संत्र्यांच्या झाडांचा मोहर घमघमत होता आणि तो सिग्नलला थांबून हिशेब मांडत होता, की आता सांगितलं तर ब्रितो विचारेल कधी दिसलं. मग मंगळवार सांगावा लागेल, की गुरुवार? एका दिवसाचं गप्प बसणं सांगता आलं असतं. दोन दिवसांचंही, ओढूनताणून. पण गप्प बसण्याचं असं असतं की ते रोज थोडं थोडं वाढतं, आणि एका दिवशी ते इतकं मोठं होतं की त्याच्यावर झाकण म्हणून आणखी गप्पच बसावं लागतं. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

शनिवारी संध्याकाळी बापाचा फोन आला. आल्बिन कुबेना दुकान बंद करून, हात धुऊन, अंगणात खुर्ची टाकून फोन करायचा, आणि पहिली दोन मिनिटं पावसाचं आणि डुकरांच्या भावाचं बोलायचा. मग त्याने खाकरून विचारलं, ब्रितो कधी खेळणार. उद्या, डस्टिन म्हणाला. "बरं," बाप म्हणाला, "बघू या." त्या 'बघू या'मध्ये चर्चमधल्या नवसापासून ते दुकानाच्या काचेवर लावलेल्या डस्टिनच्या फोटोपर्यंत सगळं होतं. फोन ठेवल्यावर डस्टिन पलंगावर उताणा पडून राहिला आणि त्याला चर्चमागचा तो लांबट हॉल आठवला. रविवारी तिथे म्हातारे तारोक खेळायचे, बिअरच्या बाटल्यांची ओली वर्तुळं टेबलभर, आणि पत्ते आपटल्याचा आवाज. बोटं वाचायला तो तिथेच शिकला, बापाच्या खुर्चीमागे उभा राहून. बाप म्हणायचा, तोंड काय वाटेल ते करतं, पत्ते धरलेला अंगठा बघावा. एका रविवारी समोर बसलेल्या हुश्काकाकांनी पत्ते इतके खाली धरले होते, की आल्बिनला ते सगळेच्या सगळे दिसत होते. डस्टिनलाही दिसत होते. आल्बिन काही बोलला नाही, खेळत राहिला, जिंकला. आणि शेवटचं पान पडल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, काका, पत्ते जरा वर धरत जा, मला दिसतात. सगळा हॉल हसला. हुश्काकाका त्याची पाठ थोपटत म्हणाले, आल्बिन, माणूस सरळ आहेस तू. नऊ वर्षांच्या डस्टिनला तेव्हा बापाचा फार अभिमान वाटला होता. आता तेविसाव्या वर्षी, पंख्याकडे बघत, त्याला प्रथमच असा प्रश्न पडला की बापाने आधी का नाही सांगितलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, उत्तर त्याला लगेच कळलं. सांगायचं तर होतंच. फक्त कधी, ते आपल्या हातात होतं.

रविवारी सकाळी ब्रितो आपल्या कपाटाकडे तोंड करून, डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. ज्या दिवशी ज्याची सुरुवात, त्या दिवशी त्याच्याशी कोणी बोलत नाही. हसत नाही, खांद्यावर हात ठेवत नाही, त्याच्यासमोरून जायचं तर वळसा घालून जातात. कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा, तेवढा बोलतो, तोही कामापुरतं. पिचरच्या अंगात त्या दिवशी एक गोष्ट जमत आलेली असते, दह्यासारखी, आणि विरजण लागत असताना भांडं हलवायचं नसतं हे बारा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. डस्टिनला तर चांगलंच ठाऊक होतं. खालच्या संघात त्याच्याच एका सुरुवातीच्या दिवशी एकाने सहज म्हटलं होतं, तुझं कोपर आज जरा खाली दिसतंय. आणि पुढचा तासभर त्याला आपल्याला कोपर आहे याखेरीज दुसरं काही सुचलं नव्हतं. हे सगळं त्याला माहीत होतं. तरी सकाळपासून त्याच्या मनाने एकच धोशा लावला होता, की आज सांगितलंच पाहिजे. चार दिवस मूग गिळून बसलेल्या माणसाला अचानक असा काय उमाळा यावा? पण उमाळा खरा होता. हॅल्व्हरसनला सांगावं, तो बघून घेईल, असंही एकदा वाटलं. ग्रेडीला सांगावं, कॅचर आहे, सामना झाल्यावर योग्य वेळ बघून सांगेल. या दोन्ही वाटा त्याने पाहिल्या, नीट पाहिल्या, आणि सोडून दिल्या. नाही, तोंडावर सांगायचं, मर्दासारखं, असं तो स्वतःला म्हणाला.

ब्रितो अंग गरम करून, मानेला टॉवेल गुंडाळून, कडेच्या पांढऱ्या रेषेवरून बाकाकडे येत होता. राष्ट्रगीताला लोक उभे राहू लागले होते. डस्टिन उठून त्याच्या वाटेत उभा राहिला. बाकावरच्या कोणाचीतरी बडबड मध्येच थांबली.

"सर, एक सांगायचंय."

ब्रितोने झोपेतून उठवल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. "आत्ता?"

"फसवा धरताना तुमचं बाहेरचं बोट उचलतं. ग्लोव्हच्या पाठीवरचं. दिसतं ते."

ब्रितोने ग्लोव्हकडे पाहिलं. उजवा हात आत घातला, चेंडू फसव्यासाठी धरला, बोट पाहिलं. पुन्हा धरला, पुन्हा पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, दोरी सुटावी तसं. मग त्याने डस्टिनच्या गालावर दोनदा थोपटलं. "बरं केलंस," म्हणाला, आणि ते बोट त्याने फटीतून आत ओढून घेतलं.

ते बोट कित्येक वर्षं बाहेर होतं. आत गेल्यावर ग्लोव्ह दुसऱ्याच कोणाचा झाला. पहिल्या बॅटवाल्याला पहिला चेंडू टाकण्यापूर्वी ब्रितोने ग्लोव्हकडे पाहिलं. दुसऱ्यापूर्वी पुन्हा पाहिलं. पिचरने कधी आपल्या हाताकडे पाहू नये. जिना उतरताना पायांकडे पाहिलं की माणूस अडखळतोच. चार चेंडू बॅटपासून लांब गेले, की नियमाने बॅटवाल्याला फुकट पुढे सोडतात; पहिला तसाच पुढे गेला. दुसराही फुकट गेला. ग्रेडी उंचवट्यापर्यंत जाऊन काहीतरी बोलून आला. डस्टिनच्या हातात त्याचा जुना चेंडू होता आणि त्याची बोटं त्यावर नुसती पडून होती, कशावरच बसत नव्हती. कारण बोट खरंच झाकलं गेलं होतं, आता काही दिसत नव्हतं, पुढे काय येणार ते कोणालाच कळत नव्हतं. ब्रितोलासुद्धा. समोरच्या संघाला मुळात काही दिसलं होतं का, हे आता कधी कळणार नव्हतं. कदाचित कोणालाच दिसलं नसतं. कदाचित ब्रितोने मंगळवारसारखेच पाच डाव काढले असते आणि उचलत्या बोटानिशी एप्रिलचा खरा हंगाम गाठला असता. तिसऱ्या बॅटवाल्याला ब्रितोने चेंडू लांब जाऊ नये म्हणून जपून टाकला, आणि जपून टाकलेला चेंडू मधोमध येतो. बॅटचा आवाज ऐकूनच सगळ्यांना कळलं. चेंडू भिंतीपलीकडे गवताच्या उतारावर, चादरी टाकून बसलेल्या पोराबाळांत जाऊन पडला. आणि डस्टिनला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, अंगावर रोमांच उभे राहिले, इतका आनंद झाला. तो लपवायला त्याने टोपी पुढे ओढली. दुसऱ्या डावात मॅनेजर मूनी पायऱ्या चढून उंचवट्याकडे चालत गेला, हात पुढे केला, आणि ब्रितोने चेंडू त्याच्या हातावर ठेवला; मॅनेजरने चेंडू मागितला की पिचरचा त्या दिवसाचा खेळ संपतो.

बाकावर परतल्यावर ब्रितो कोणावर ओरडला नाही, पाण्याचा पिंप लाथाडला नाही. हॅल्व्हरसनला त्याने बोटाचं सांगितलं आणि डस्टिनकडे मान करून म्हणाला, या पोराला दिसलं. हॅल्व्हरसनने डस्टिनकडे बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते डस्टिनला कळेना. पण शेवटी तो एवढंच म्हणाला, की डोळा आहे तुला. संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळ्या खोलीत पसरली. ज्याच्याशी झुंज त्याचंच वैगुण्य त्याच्या तोंडावर सांगायचं, आणि तेही जागा पणाला लागलेली असताना, याला छाती लागते, असं जागा आधीच ठरलेल्या चौघांतला एक जण म्हणाला, ज्याने महिनाभर डस्टिनशी साधं नमस्कारापुरतंही बोलणं केलं नव्हतं. कपडे सांभाळणाऱ्याने ब्रितोचा ग्लोव्ह नेला आणि त्यावर पट्टी शिवून आणून ठेवली. बैल गेला नि झोपा केला. डस्टिन तो ग्लोव्ह बघत होता. टाके बारीक, सरळ, नेटके घातले होते. कोणी खांद्यावर थाप मारली की तो हसत होता, आणि हसताना त्याला कळत होतं की आपला चेहरा हुबेहूब बापासारखा होतोय. सकाळचा तो उमाळा खरा होता का? त्याने पुन्हा पुन्हा आत हात घालून चाचपलं. उमाळा खरा होता. पण त्या उमाळ्याला वेळ बरोबर कळत होती.

दुसऱ्या दिवशी मूनीने आधी ब्रितोला आत बोलावलं आणि मग डस्टिनला. मूनीच्या टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं. तो म्हणाला, पाचवी जागा तुझी. पहिली सुरुवात पुढच्या शनिवारी, घरच्या मैदानावर. बापाला तिकिटं पाठव. मग म्हणाला, खेळ तुमचा उन्नीस-बीसच होता, पण म्हातारा काल स्वतः येऊन सांगून गेला, की या पोराने मला तोंडावर सांगितलं, दुसरा कोणी असता तर गप्प बसून मजा बघत राहिला असता. "असली माणसं संघात हवीत," मूनी म्हणाला आणि त्याने सफरचंद उचललं. डस्टिन थँक यू सर म्हणाला. चार वर्षं ज्या क्षणाची त्याने बसमध्ये कल्पना केली होती तो हा क्षण. कल्पनेत तो नेहमी रडायचा. डोळे कोरडे ठणठणीत होते.

बाहेर ब्रितो आपलं कपाट आवरत होता. मोज्यांच्या गुंडाळ्या करून बुटांत कोंबत होता, मन लावून, जणू लांबच्या सहलीला निघालाय. आजूबाजूची माणसं हळूच दूर झाली होती. डस्टिन जवळ जाऊन उभा राहिला. सॉरी म्हणावं की थँक यू, त्याला ठरवता येईना. ब्रितोने वर न बघताच विचारलं, "कधी दिसलं तुला?"

रविवारीच सकाळी, अंग गरम करत होतात तेव्हा. हे उत्तर डस्टिनने तयार ठेवलं होतं, आणि ते कोणालाही खोटं ठरवता आलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदाच सगळं त्याच्या बाजूने होतं. त्याने तोंड उघडलं.

"मंगळवारी," तो म्हणाला.

ब्रितोचे हात थांबले. डस्टिन वाट बघत होता. थोबाडीत बसली असती तर त्याने हात वर केला नसता. शिवी आली असती तर ती त्याने घरी नेऊन जपून ठेवली असती. ब्रितोने उरलेली गुंडाळी बुटात घातली, बॅगेची चेन ओढली, आणि मग त्याच्याकडे पाहिलं, रागाने नाही, एखाद्या नव्या पिचरचा पहिला चेंडू पारखावा तसं.

"तू टिकशील, डस्टिन," तो म्हणाला. "या खेळात तू खूप वर्षं टिकशील."

एवढं बोलून त्याने बॅग खांद्याला लावली. दारापर्यंतच्या वाटेवर जो जो भेटला त्याला त्याने मिठी मारली, ग्रेडीला, हॅल्व्हरसनला, कपडे सांभाळणाऱ्याला, आणि प्रत्येकाला तो तेच सांगत गेला, मोठ्याने, डस्टिनला ऐकू जाईल असं: पोरगा सरळ आहे, सांभाळा त्याला.